केस गळतात तेव्हा रक्त काय सांगते?

(जूचंद्र येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेले काही तपशील येथे जोडले आहेत.)



मी केसगळतीवर बोलणार असे जाहीर झाले तेव्हा मागच्या बाकांवर थोडे हसू उमटले. हसण्यासारखा विषय आहे खरा. परंतु पालकसभेत मुलांच्या गुणांच्या खालोखाल माता मला जो प्रश्न विचारतात, तो हाच आहे. मी वैद्य नाही. कलाशाखेचा पदवीधर, शाळामास्तर आहे. तरीही हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण रक्ततपासणीचा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि तो वाचून घेण्यासाठी मास्तराचे घर जवळ पडते.

अशी एक फाईल काही महिन्यांपूर्वी माझ्यापुढे आली. नववीतल्या मुलीचे केस गळत होते. वडिलांनी जाहिरात वाचून 'केसगळती पॅकेज' घेतले होते. घरी माणूस येऊन रक्त घेऊन गेला आणि सात-आठ पानांचा रंगीत अहवाल आला. त्यात दोन ठिकाणी लाल अक्षरे होती, एक ई.एस.आर.पुढे आणि दुसरे सी.आर.पी.पुढे. वडिलांचा चेहरा उतरला होता. "सर, हिच्या रक्तात सूज आहे म्हणतात. म्हणूनच केस जातात का?" असा त्यांचा प्रश्न होता. मुलीला विचारले तेव्हा कळले की रक्त दिले त्या दिवशी तिला घसादुखी होती आणि अंगात ताप होता. लाल अक्षरांचा केसांशी संबंध असण्याचे काही कारणच नव्हते. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठविले. पुढे मी स्वतः वाचू लागलो, जाणकारांना विचारू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम या दोन शब्दांचा उलगडा करू. आपल्या बोटाला काटा टोचला की ते ठिकाण लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. शरीराने शत्रूशी मांडलेली ही लढाई होय. तिला दाह म्हणतात. दाह आतल्या अवयवात असेल तर डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्या काही खुणा रक्तात उतरतात. ई.एस.आर. ही त्यांतली जुनी खूण. पोलंडचे एडमंड बियेर्नात्स्की यांनी १८९७ साली आणि स्वीडनचे फाह्रेउस व वेस्टरग्रेन यांनी १९१८ ते १९२१ या काळात तिचा अभ्यास केला. पद्धत इतकी साधी आहे की विद्यार्थ्यांना लगेच कळावी. न गोठणारे केलेले रक्त उभ्या नळीत भरून एक तास ठेवतात आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. एरवी या पेशी एकमेकींना दूर ढकलतात आणि सावकाश खाली जातात. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन वाढते, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भरभर तळाला बसतात. तासाला पुरुषात १५ आणि स्त्रीत २० मिलिमीटरपर्यंत आकडा तरुण वयात सर्वसाधारण मानतात.

दुसरी खूण सी.आर.पी.ची. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात हे द्रव्य सापडले. ते यकृतात तयार होते. दाह सुरू झाल्यावर काही तासांतच वाढते आणि दाह शमला की झपाट्याने उतरते. ई.एस.आर. मात्र आठवडेच्या आठवडे चढलेला राहू शकतो. शिवाय पांडुरोग असेल, स्त्री गरोदर असेल किंवा वय झाले असेल तरीही तो वाढतो. म्हणजे या दोन्ही खुणा 'कोठेतरी काहीतरी चालले आहे' एवढेच सांगतात. कोठे आणि काय, हे सांगण्याची ताकद त्यांच्यात नाही.

आता केसांकडे वळू. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवरते घेतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. कोणत्याही वेळी शंभरांतले ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणे हा निसर्गक्रम आहे. फणीत केस दिसले की घाबरून जाणाऱ्या मातांनी हा आकडा लक्षात ठेवावा. लांब केस गोळा झाले की तेवढेच केस पुष्कळ वाटतात.

दाहाचा आणि केसांचा संबंध नाही असे मात्र नाही. चाई हा आजार आपण पाहिलेला असतो. डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत रुपयाएवढी गुळगुळीत, गोल जागा अचानक उघडी पडते. शंभरांतल्या सुमारे दोघांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. किड्याने केस खाल्ले असे जुनी माणसे म्हणतात. किडा वगैरे काही नसतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी चुकून केसाच्या मुळालाच परका समजतात आणि त्याला वेढा घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दृश्य मधमाश्यांच्या मोहोळासारखे दिसते, असे वर्णन वैद्यकाच्या ग्रंथांत आहे. हा दाहच होय.

मग या रोग्याचा ई.एस.आर. किंवा सी.आर.पी. वाढलेला असतो का? बहुधा नसतो. लढाई चालते ती त्वचेखाली काही मिलिमीटरवर, एवढ्याशा जागेत. एका घरात चूल पेटली म्हणून वसईच्या किल्ल्यावरून धूर दिसत नाही. चाईच्या रोग्याचा रक्ताचा अहवाल अगदी निर्दोष असू शकतो आणि डोक्यावरचा चट्टा रोज वाढत असतो. म्हणून 'रक्त चांगले आहे, म्हणजे मनाचे खेळ आहेत' असे त्याला सांगणे अन्यायाचे आहे.

याबाबत शोध पुष्कळ झाले आहेत. चाईच्या रोग्यांत सी.आर.पी. किंचित वाढलेले आढळले, पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचे परस्परप्रमाण बदललेले आढळले, असे काही अभ्यास सांगतात. इतर अभ्यासांत तसा फरक दिसला नाही. समजा, दिसला तरी काय? आठवी अ आणि आठवी ब या दोन वर्गांची सरासरी उंची मोजली आणि एका वर्गाची बोटभर अधिक भरली. आता शाळेच्या फाटकात उभा असलेला एक मुलगा दाखवून, त्याच्या उंचीवरून तो कोणत्या वर्गातला हे मला सांगा. सांगता येणार नाही. गटाच्या सरासरीत दिसणारा फरक एका मुलाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. पॅकेज विकणारे नेमकी हीच गोष्ट वगळतात.

तरीही त्या शोधांची किंमत मी कमी लेखत नाही. केसाच्या मुळाशी पेशी कोणता निरोप देऊन एकमेकींना बोलावतात, हे त्यातूनच कळले. इंटरफेरॉन गॅमा हा त्यांतला मुख्य निरोप्या. हा निरोप पेशीच्या आत पोहोचविणारी 'जाक' नावाची प्रथिने आहेत. त्यांना अडविणारी बॅरिसिटिनिब ही गोळी जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र चाईसाठी मंजूर केली. २०२३ आणि २०२४ मध्ये आणखी दोन गोळ्या आल्या. वर्षानुवर्षे टक्कल असलेल्या काही रोग्यांना केस आले. सर्वांना आले नाहीत, आणि औषध थांबविल्यावर अनेकांचे पुन्हा गळाले. या गोळ्या सुरू करण्यापूर्वी रक्ताच्या तपासण्या खरोखर आवश्यक असतात: क्षयरोग दडलेला आहे का, विषाणूजन्य कावीळ आहे का, यकृत व रक्तपेशी ठीक आहेत का. गंमत पाहा, येथे रक्त तपासायचे ते औषधाच्या धोक्यासाठी. रोग ओळखण्याचे काम डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि भिंगाने आधीच झालेले असते.

शाळकरी मुलांत आणखी एक प्रकार दिसतो, तो बुरशीचा. खवले, खाज, तुटके केस आणि कधी पू धरलेली गाठ. येथेही रक्त काही सांगत नाही. खवल्याचा कण काचपट्टीवर घेऊन पाहिला की उत्तर मिळते. हा प्रकार संसर्गजन्य आहे. त्यासाठी फणी, टोपी, टॉवेल वेगळे ठेवावेत आणि डॉक्टरांनी दिलेले पोटातले औषध पूर्ण करावे. वरचे मलम पुरत नाही. चाई मात्र संसर्गजन्य नाही. हा भेद पालकांनी आणि माझ्या शिक्षक बंधूंनीही नीट ध्यानात घ्यावा, कारण चाई असलेल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसविल्याचे मी ऐकले आहे.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. ओढणी किंवा बुरख्यामुळे केस गळतात असे सर्रास बोलले जाते. कापडाने केसांची मुळे मरत नाहीत. परंतु ओल्या केसांवर घट्ट अंबाडा, वर घट्ट रुमाल, आणि रोज त्याच जागी ताण पडला तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. घट्ट दोन वेण्या घालणाऱ्या कोणत्याही मुलीचे तेच होते. बांधण्याची तऱ्हा सैल केली म्हणजे झाले.

सर्वांत अधिक आढळते ती तापानंतरची गळती. विषमज्वर, डेंग्यू, कोविड, मोठे ऑपरेशन, बाळंतपण, किंवा वजन उतरविण्यासाठी केलेली उपासमार, असा कोणताही धक्का बसला की पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. मघाशी सांगितले की ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची असते. त्यामुळे जुलैत डेंग्यू झालेल्या मुलाचे केस ऑक्टोबरात गळतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि सी.आर.पी. केव्हाच उतरलेले असते. रक्तात काही सापडत नाही. येथे तपासणी करायची ती कॅलेंडरची: तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते? मूळ शाबूत असते, त्यामुळे बहुतेकांचे केस सहा महिन्यांच्या आसपास आपोआप सावरतात. या सहा महिन्यांत जे तेल लावले असेल ते गुणकारी ठरते, हे सांगायला नको.

मग रक्त तपासूच नये का? तसे मी म्हणत नाही. दोन-तीन तपासण्या फार उपयोगाच्या आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना पांडुरोग होता. आपल्या घरात बसलेल्या दर दोन स्त्रियांमागे एकीहून अधिक. लोह कमी पडले की केसही विरळ होऊ शकतात, आणि केस राहू द्या, मुलीला जिना चढताना दम लागतो, वर्गात डुलकी येते. म्हणून हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन या तपासण्या डॉक्टर सांगतात.

परंतु फेरिटिनमध्ये एक खोच आहे, आणि माझ्या मते आजच्या विषयातील सर्वांत उपयुक्त गोष्ट हीच. अंगात दाह असला की फेरिटिन खोटे वाढते. कोठार रिकामे असले तरी पाटीवर भरलेले लिहून येते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दोन वेगळे आकडे दिले. निरोगी शाळकरी मुले व प्रौढ यांत फेरिटिन १५ च्या खाली गेले तर लोहाची कमतरता समजावी. दाह असेल तर ७० च्या खाली गेले तरीही कमतरतेचा संशय घ्यावा. दोन आकड्यांतले अंतर पाहा! तापात घेतलेल्या रक्तात ४० फेरिटिन आले आणि छापील अहवालात ते 'नॉर्मल' दिसले, तर त्या मुलीचा लोहाचा तुटवडा झाकला जाईल. सी.आर.पी.चा केसांच्या बाबतीत खरा उपयोग येथे आहे: फेरिटिनच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ते सांगते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ताप-सर्दी जाऊन काही आठवडे लोटल्यावर रक्त द्यावे.

दुसरी खोच बायोटिनची. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात. हे जीवनसत्त्व काही प्रयोगशाळांच्या तपासणीपद्धतीत ढवळाढवळ करते आणि थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हृदयविकाराच्या तपासणीतही असेच होते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला होता. केसांसाठी थायरॉईड तपासायचा आणि केसांच्याच गोळीने तो बिघडलेला दिसायचा! रक्त देण्यापूर्वी आपण कोणत्या गोळ्या घेतो ते डॉक्टरांना सांगा आणि त्या किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा.

आता मी आपल्याला जरा दूर, विदर्भात नेतो. केस आणि रक्त यांची गाठ किती अवघड असते, हे आपल्याच राज्यात घडलेल्या एका प्रकाराने सर्वांना दाखवून दिले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डिसेंबर २०२४ अखेरीपासून माणसांच्या डोक्याला खाज सुटू लागली, केस राठ झाले आणि तीन-चार दिवसांत मूठमूठभर हाती येऊ लागले. पुरुष, बायका, मुले, सर्वांचेच. जानेवारी २०२५ मध्ये ही बातमी देशभर पसरली. १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली.

प्रथम संशय पाण्यावर गेला. पाणी तपासले, त्यात क्षार आणि नायट्रेट अधिक आढळले. मग बुरशीचा संशय आला, त्वचेचे तुकडे तपासणीस गेले. शाम्पूचीही चौकशी झाली. आपल्याकडे नायगाव-जूचंद्र भागातही टँकरच्या आणि बोरिंगच्या पाण्याला हाच दोष दिला जातो, म्हणून सांगतो की जड पाण्याने केस राठ होतील, तुटतील. पण चार दिवसांत मुळापासून सुटून डोके मोकळे होणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आणि इतर संस्थांची तज्ज्ञ पथके गावात आली. त्यांनी रक्त, लघवी, केस, पाणी, धान्य, माती यांचे नमुने नेले.

या सुमारास रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तेथे पोहोचले. विंचूदंशावरील संशोधनामुळे कोकणात त्यांचे नाव घरोघर ठाऊक आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला फार मोलाचा वाटतो. या सगळ्यांनी खाल्ले काय? घरे वेगळी, वये वेगळी, शाम्पू वेगळे. सामाईक होते ते स्वस्त धान्य दुकानातील गहू. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. त्यांनी रोग्यांचे रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला: सेलेनियम नावाचे मूलद्रव्य रोग्यांच्या रक्तात सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते, जस्त मात्र घटलेले होते. गव्हातही सेलेनियम भरपूर होते. हे त्यांनी स्वतःच्या पुढाकाराने केलेले काम होते. अनुसंधान परिषदेच्या पथकाने घेतलेल्या नमुन्यांतही सेलेनियम वाढलेले आढळल्याच्या बातम्या त्याच महिन्यात आल्या.

विद्यार्थी मित्रांनो, सेलेनियम म्हणजे काय? स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१७ साली ते शोधले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव ठेवले. शरीराला ते लागते, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा विसाव्या भागाचा हजारावा भाग धरा. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असे अमेरिकेतील तज्ज्ञ मानतात. आता बावस्करांच्या तपासणीतला गव्हाचा आकडा घ्या: किलोला १४.५२ मिलिग्रॅम. दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात किती गेले? १४.५२ ला ०.३ ने गुणा. ४.३५६ मिलिग्रॅम, म्हणजे ४,३५६ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट! हे गणित सहावीच्या मुलाला येते.

हे विष धान्यात कोणी मिसळले असे समजू नका. पंजाबात शिवालिक डोंगराच्या पायथ्याशी, होशियारपूर-नवांशहर भागात काही जमिनींत सेलेनियम मुळातच अधिक आहे. तेथील गुरांचे केस आणि खूर झडतात, हे संशोधकांनी पूर्वीच नोंदविले आहे. चीनच्या हुपेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते ६४ या काळात असेच घडले. सर्वाधिक बाधित गावांतील सुमारे निम्म्या लोकांचे केस आणि नखे गेली होती. बुलढाण्यातही एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून नखे ठिसूळ होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. केस आणि नखे यांची जडणघडण एकाच प्रथिनाची आहे आणि त्या प्रथिनात गंधक असते. सेलेनियम हे गंधकाचे जणू चुलत भावंड. ते गंधकाच्या जागी शिरते आणि बांधकाम कच्चे राहते, अशी उपपत्ती सांगितली जाते.

आमच्या विषयाशी याचा संबंध असा. या गावकऱ्यांनी घरोघर ते रंगीत पॅकेज घेतले असते, तर हाती काय लागले असते? ई.एस.आर., सी.आर.पी., फेरिटिन, थायरॉईड, जीवनसत्त्वे, सारे आले असते. सेलेनियमचे नाव त्यात नसते. रक्तात उत्तर होते, पण ते विचारल्याशिवाय मिळणार नव्हते. आणि विचारायचे काय, हे रक्ताने सांगितले नाही. ते जेवणाच्या ताटाने सांगितले.

उलट दिशेने घडलेला प्रकारही सांगून ठेवतो. २००८ साली अमेरिकेत एका पातळ पौष्टिक टॉनिकमध्ये उत्पादकाच्या हातून लेबलवर लिहिलेल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले. दहा राज्यांतील २०१ माणसे बाधित झाली आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गळाले. केसांच्या अनेक गोळ्यांत सेलेनियम, बायोटिन, जस्त एकत्र असते. एक डॉक्टरची, एक मेडिकलवाल्याची आणि एक शेजारणीने सांगितलेली, अशा तीन गोळ्या रोज घेणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांनी तिन्ही बाटल्यांची लेबले एकत्र वाचावीत.

बुलढाण्यातील रोग्यांचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. केसांपेक्षा अवघड गेली ती माणसांची वागणूक. त्या गावांतील माणसांचे केस कापण्यास नाभिक कचरतात, सोयरीक जुळताना गावाचे नाव ऐकून पाहुणे मागे फिरतात, मुले वर्गात जाण्यास लाजतात, असे वृत्तांत तेव्हा छापून आले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतच नव्हता! लग्नाच्या वयाच्या मुलीला चाई असली की आपल्याकडेही घरात कुजबुज चालते, दृष्ट काढली जाते, आणि डॉक्टरांकडे जायला वर्ष लागते. काही प्रकारांत, जेथे दाहाने मूळच जळून त्या जागी व्रण होतो, तेथे हे वर्ष फार महाग पडते, कारण तेथे केस पुन्हा येत नाही. त्वचा चकचकीत दिसत असेल, केसांची भोके दिसेनाशी झाली असतील, आग होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जा. ते त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासतील. तेथेही उत्तर त्या तुकड्यात सापडते.

डॉक्टरांकडे जाताना फाईलपेक्षा एक कागद न्या. गळती केव्हा सुरू झाली, त्याआधी तीन-चार महिन्यांत कोणता ताप वा आजार झाला, मुलीची पाळी नियमित आहे का व रक्तस्राव फार होतो का, घरात आणखी कोणाला आहे का, कोणत्या गोळ्या-तेले चालू आहेत, जेवण काय असते. हे सर्व मराठीत लिहिले तरी चालते. बहुधा त्या कागदावरूनच डॉक्टर दोन तपासण्या निवडतील आणि बाकीच्या वगळतील.

भाषणानंतर आलेल्या प्रश्नांपैकी तीन येथे देतो.

एका बहिणीने विचारले की बुलढाण्यासारखे आपल्या रेशनच्या गव्हात असेल तर कसे ओळखावे? घरी ओळखता येत नाही. रंग-चव बदलत नाही, आणि धुऊनही जात नाही, कारण ते दाण्याच्या आत असते. परंतु एकाच वस्तीत, एकाच आठवड्यात अनेकांचे केस गळू लागले तर ती प्रत्येकाची घरगुती बाब राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवावे, आणि घरातील धान्य फेकून न देता थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे तपासता येईल.

दहावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले की वडिलांना टक्कल आहे, मला पडेल का, आणि रक्त तपासून कळेल का? आनुवंशिक टक्कलातही केसांच्या मुळाशी मंद दाह आढळतो असे अभ्यास आहेत. पण त्यासाठी ई.एस.आर. करण्यात अर्थ नाही. हे टक्कल आईच्या बाजूनेही येते, केवळ वडिलांकडे पाहू नये. कपाळ मागे सरकू लागले तर उपचार आहेत, ते लवकर केलेले बरे. तोवर बीजगणिताकडे लक्ष द्यावे.

तिसरा प्रश्न एका आजोबांचा होता: कांद्याचा रस चोळावा का? चाईवर कांद्याच्या रसाचा एक छोटा प्रयोग इराकमध्ये झाला होता, त्यात काहींना केस आले. पण चाईचे लहान चट्टे पुष्कळदा औषधावाचूनही भरतात, आणि तो प्रयोग इतका लहान होता की त्यावरून निश्चित काही म्हणता येत नाही. चोळायचाच तर डोळ्यांत जाऊ देऊ नये, त्वचा लाल झाली तर थांबवावे, आणि त्या नादात डॉक्टरांची तारीख चुकवू नये.